दीड तासाची अंघोळ आणि चाळीस वेळा तोच प्रश्न: किशोरवयातला ओसीडी घरात कसा हाताळायचा

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेर तालुक्यातल्या एका आईचा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. कपाशीवर फवारणी सुरू झाली तेव्हापासून तो वडिलांच्या कपड्यांना आणि मोटारसायकलला हात लावत नाही. अंघोळीला दीड तास लागतो, हात धुऊन धुऊन भेगा पडल्या आहेत. "मला औषध लागलं नाही ना?" हे दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारतो. वहीत लिहिलेलं खोडून पुन्हा लिहितो. एका रात्री रडत म्हणाला, देवाबद्दल घाण विचार येतात. शाळेत त्याला आळशी म्हणतात, मावशी म्हणते बाहेरचं काहीतरी आहे. आईने विचारलंय: हे वेड आहे का, रागवावं का, गोळ्या जन्मभर लागतील का?

ताई, तिन्ही उत्तरं आधी देऊन टाकू. हे वेड नाही. रागावून ते कमी होणार नाही, वाढेल. गोळ्या लागल्याच, तर त्या जन्मभराच्या म्हणून सुरू करत नाहीत. पक्कं निदान मुलाशी समोरासमोर आणि थोडा वेळ एकट्याने बोलूनच होतं, पण तुम्ही लिहिलेलं ओसीडीशी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर या आजाराशी, फार जुळतं.

मराठीत याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. लोक तो टिंगलीने वापरतात, म्हणून मुलासमोर ओसीडीच म्हणा. शंभर मुलांत एक ते तीन जणांना हा आजार होतो, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात एखादं तरी मूल असणारच असं धरून चालावं. सुरुवात बहुधा दोन वयांत होते, दहा-अकराच्या आसपास किंवा विशीच्या सुरुवातीला. तुमच्या मुलाचं आत्ता लक्षात आलं, पण नीट आठवून पाहिलंत तर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या काही खुणा सापडतील. चप्पल सरळच ठेवायची, कडी दोनदा पाहायची, "शुभ रात्री" ठरावीक शब्दांतच म्हणायला लावायचं, अशा.

आत काय चालतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जाईल. मनात एक नको असलेला विचार घुसतो: "हाताला विष लागलंय, आता मी मरणार, किंवा माझ्यामुळे धाकटी बहीण मरणार." असे चमत्कारिक विचार सगळ्यांनाच येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांनीही असे विचार येतात असंच सांगितलं. विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर "उडी मारली तर?" हे कोणाच्या मनात आलेलं नाही? आपण ते झटकून पुढे जातो. ओसीडीत मात्र तो विचार धोक्याची घंटा ठरतो. छातीत धडधड होते, ती सहन होत नाही, म्हणून मूल काहीतरी करतं: धुतं, तपासतं, विचारतं, मनातल्या मनात मोजतं. पाच मिनिटं बरं वाटतं. त्या पाच मिनिटांतच आजार वाढतो, कारण मेंदू शिकतो की "धुतलं म्हणून वाचलो." पुढच्या वेळी घंटा लवकर वाजते आणि धुणं जास्त लागतं. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरी टाकली की ते तेवढ्यापुरतं जातं, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हजर असतं. तसंच हे.

मेंदूच्या पुढच्या भागातून खोलवरच्या केंद्रांकडे आणि तिथून परत असं एक वर्तुळ चालू असतं. "काहीतरी चुकलंय" आणि "झालं, आता पुढे चल" हे संदेश त्यातून फिरतात. ओसीडीत पहिला संदेश वाजत राहतो आणि दुसरा नीट पोहोचत नाही. यात काही भाग आनुवंशिक असतो. तुमच्या वळण लावण्याने किंवा लाडाने हा आजार झालेला नाही. आणि मुलालाही बहुतेक वेळा माहीत असतं की इतकं धुणं वेडेपणाचं आहे. कळतं पण वळत नाही, ही म्हण या आजाराइतकी दुसरीकडे कुठे लागू पडत नसेल. म्हणून "अरे, कळत नाही का तुला?" हा प्रश्न त्याला सगळ्यात जास्त लागतो.

आता तुमच्याकडे वळू, कारण घरातला सगळ्यात मोठा बदल तिथूनच होतो. तो चाळीस वेळा विचारतो आणि तुम्ही चाळीस वेळा सांगता: "नाही रे बाळा, काही व्हत नही." त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुता. त्याच्यासाठी नळाचं साठवलेलं पाणी राखून ठेवता, चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ही लहान गोष्ट नाही. वडील फवारून आले की मागच्या दाराने येतात. हे सगळं मायेपोटी आहे, जवळजवळ प्रत्येक घर हेच करतं. पण तुमचं उत्तर आणि त्याचं धुणं यांचं काम एकच आहे: पाच मिनिटांचा आराम. आजार शंभर टक्के खात्री मागतो आणि घर ती पुरवत राहतं. अशी खात्री जगात कोणाकडेच नसते, म्हणून त्याचं पोट कधी भरत नाही.

हे एका दिवसात तोडू नका. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा: तो किती वेळा विचारतो, अंघोळीला किती मिनिटं, किती बादल्या, घरातलं कोण त्याच्यासाठी काय वेगळं करतं. कॅलेंडरच्या रकान्यातही चालेल. मग एखाद्या शांत वेळी, भांडणानंतर लगेच नव्हे, आई-वडील दोघांनी त्याच्याजवळ बसून सांगायचं: "तुला किती त्रास होतो ते आम्हाला कळतंय. आमच्या उत्तरांनी तो त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. सोमवारपासून औषधाच्या प्रश्नाला आम्ही दिवसातून पाच वेळा उत्तर देऊ. त्यानंतर उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसू." पाचाचे तीन, तिनाचा एक, मग शून्य. प्रत्येक पायरीला साधारण आठवडा द्या.

नेमके शब्द ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी सुचत नाही. "हा प्रश्न ओसीडीचा आहे. त्याला मी उत्तर देत नाही. तू हे झेलू शकतोस." एवढंच, एकदा, शांत आवाजात. "काही होणार नाही, पण मी सांगणार नाही" असं म्हणालात तर सांगून झालंच की. मान हलवणं, हसणं, "तुला माहितेय ना" म्हणणं, हीसुद्धा उत्तरंच आहेत. आणि आजीला, मोठ्या काकांना, शेजारच्या वहिनींना आधी विश्वासात घ्या. एकत्र घरात आईने नाही म्हटलं की पोरगं आजीकडे जातं, आणि तिथे आठवड्याची मेहनत एका मिनिटात वाहून जाते. मोबाइलवर शोधणं हेही तेच विचारणं आहे. "कीटकनाशक त्वचेतून किती तासांत भिनतं" हे रात्री एक वाजता पंधराव्यांदा वाचणारं मूल माहिती घेत नसतं, खात्री मागत असतं.

पहिले काही दिवस प्रश्न वाढतील. रडारड, आदळआपट, "तुमचं माझ्यावर प्रेमच नाही" हेही होईल. विझायच्या आधी दिवा मोठा होतो. याच टप्प्यावर बहुतेक घरं माघार घेतात, आणि माघार घेतली तर मूल एवढंच शिकतं की जास्त ओरडलं की उत्तर मिळतं. म्हणून झेपेल इतकीच पायरी घ्या, पण घेतलेली सोडू नका. तो अंगावर आला तर वाद घालू नका. बाजूला व्हा आणि तो शांत झाल्यावर बोला.

खान्देशातल्या शेतकरी घरात एक खरी अडचण येते: औषधाची भीती निव्वळ कल्पनेतली नाही. कीटकनाशक विषारीच असतं. म्हणून आधी घराचा एकच नियम ठरवा, जो शेजारचं कुठलंही शहाणं घर पाळेल. फवारणाऱ्याने घरी आल्यावर कपडे बदलायचे, ते इतरांच्या कपड्यांपासून वेगळे साबणाने एकदा धुवायचे, साबण लावून अंघोळ करायची. डबे आणि पंप घराबाहेर, कुलपात. नियम कागदावर लिहा, आणि तो सगळ्यांना सारखाच. त्यापलीकडचं सगळं ओसीडीचं. धुऊन वाळलेल्या सदऱ्यावर "उरलेलं" औषध, ज्या खाटेवर अप्पा, म्हणजे वडील, बसले ती खाट, त्यांनी दिलेली दहाची नोट, गाडीचा सीट, हे सगळं ओसीडीच्या वाट्याला जातं. उपचारात मुलाला विषाशी कोणी खेळवत नाही. शहाणा माणूस रोज जे सहज करतो, तेवढंच करायला शिकवतात.

त्या उपचाराचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. भीती वाटते त्या गोष्टीला ठरवून सामोरं जायचं आणि नेहमीची धुण्या-विचारण्याची कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये दोन रुग्णांवर ही पद्धत वापरून ती प्रसिद्ध केली. त्याआधी वर्षानुवर्षं बोलत बसूनही हे रुग्ण सुधारत नसत. आज मुलांसाठी हाच पहिला उपचार मानतात. साधारण बारा ते वीस बैठका लागतात आणि खरं काम दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत घरी होतं.

मुलाबरोबर बसून पायऱ्या मांडतात. भीतीला शून्य ते शंभर गुण तो स्वतः देतो. तुमच्या मुलाची शिडी साधारण अशी निघेल:

२० गुण: अप्पांची धुतलेली टोपी पाच मिनिटं हातात धरणं.
३० गुण: मोटारसायकलच्या सीटवर तळहात ठेवणं, मग अर्धा तास हात न धुता अभ्यास.
४५ गुण: अप्पांच्या मागे बसून शाळेत जाणं, आणि डब्याआधी सगळी मुलं धुतात तसे एकदा, वीस सेकंद हात धुणं.
६० गुण: फवारणीचा धुतलेला सदरा मांडीवर घेऊन टीव्ही पाहणं.
७० गुण: तो सदरा आपल्या कपड्यांच्या घडीवर ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी तेच कपडे घालणं.
९० गुण: अप्पा शेतातून आल्यावर अंघोळ करून जेवायला बसले की त्यांच्या शेजारी बसून, त्यांनी वाढलेली भाकरी खाणं.

वीस-तीसच्या पायरीपासून सुरुवात. रोज तीस ते पंचेचाळीस मिनिटं, तीच पायरी चार-सहा दिवस. सुरू करण्याआधी त्याने कागदावर लिहायचं: "टोपी धरली तर रात्रीपर्यंत मला उलट्या होतील." दुसऱ्या दिवशी तोच कागद वाचायचा. दर पाच मिनिटांनी भीती किती गुण, एवढंच विचारायचं. बहुतेकदा ती चढते, थबकते आणि आपोआप उतरते. एखाद्या दिवशी उतरली नाही तरी सराव वाया गेला असं नाही. भीती असतानाही आपण बसू शकलो, हे शिकणं जास्त मोलाचं आहे. अंघोळीचं वेगळं गणित ठेवा: दीड तासावरून एकदम दहा मिनिटं जमत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं कमी करा, पाणी आधीच मोजून भरा, शेवटी एक बादली. दार ठोठावत राहू नका. वेळ संपल्याचं एकदा सांगा. आणि "पहिल्यांदा धुतलं ते नीट झालं नाही" म्हणून पुन्हा सुरुवात करण्यावरच बहुतेक वेळ जातो, हे त्याला दाखवून द्या. डोक्यापासून पायापर्यंत एकदाच, मागे फिरायचं नाही.

हे फसतं कुठे, तेही सांगायला हवं. सगळ्यात जास्त वेळा लपलेल्या कृतीमुळे. मूल टोपी धरून बसतं, पण मनात "नंतर धुईन" असं म्हणत असतं, किंवा बोटं ताठ धरून दुसऱ्या कशाला लागू देत नाही, किंवा मनात अंक मोजतं. मग भीतीला सामोरं जाणं होतच नाही. म्हणून सराव संपल्यावर त्याच हाताने स्वतःचा चेहरा, वही, उशी यांना स्पर्श करायचा, म्हणजे "स्वच्छ जागा" उरत नाही. दुसरी चूक म्हणजे घाई. झोपेत असताना अंगावर सदरा टाकणं, फसवून हात लावायला लावणं. अशाने विश्वास जातो आणि पुढचे दोन महिने वाया जातात. तिसरी, आठवड्यातून एकदाच करणं. धुण्याची ओढ अजिबात आवरली नाही तर नाही म्हणण्याऐवजी लांबवा: दहा मिनिटांनी धू. दहा मिनिटांनी पुन्हा पाच. पुष्कळदा ओढ मधेच सैल होते.

देवाबद्दलच्या विचारांचं त्याने तुम्हाला सांगितलं, हे फार धाडसाचं काम केलं त्याने. या वयातली मुलं हात धुणं लपवू शकत नाहीत, पण असे विचार वर्षानुवर्षं लपवतात. देवाला शिव्या, धाकट्या भावंडाला सुरी मारल्याचं चित्र, नात्यातल्या कोणाबद्दल लैंगिक विचार. मूल स्वतःला राक्षस समजू लागतं. खरं तर ज्या गोष्टीची आपल्याला सगळ्यात जास्त चाड असते, तिथेच ओसीडी डंख मारतो. श्रद्धाळू घरातल्या मुलाला देवाबद्दल, बहिणीवर जीव असलेल्याला बहिणीबद्दल असे विचार येतात. त्या विचाराची त्याला किळस येते, भीती वाटते, यातच उत्तर आहे. विचार येणं म्हणजे इच्छा असणं नव्हे आणि करणं तर नव्हेच.

"तसला विचार करू नकोस" हा सल्ला उलटा पडतो. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी एक साधा प्रयोग केला: लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल वारंवार मनात येतच राहिलं, आणि नंतर मुभा दिल्यावर तर ते इतरांपेक्षा जास्त आलं. म्हणून विचाराशी भांडायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, माफी मागायची नाही, मनात जप करून तो पुसायचा नाही. "आला विचार, येऊ दे" म्हणून हातातलं काम चालू ठेवायचं.

आणि भक्तीचं काय? श्रावणात घरी कानबाई ही खान्देशातली देवी बसते तेव्हा सोवळं असतं, नैवेद्याच्या रोटांचं पीठ ठरलेल्या पद्धतीने दळतात, आणि त्यात काहीही आजारी नाही. फरक असा ओळखा: कानबाईचं सोवळं सगळ्या भाऊबंदांचं सारखंच असतं, ते ठरल्या दिवशी संपतं आणि मनाला समाधान देतं. ओसीडीचं सोवळं एकट्याचं असतं, रोज वाढतं, आणि करून झाल्यावरही "नीट झालं का?" ही टोचणी ठेवतं. आरती पाच वेळा पहिल्यापासून म्हणणं, नमस्कार एकवीसच झाले का ते पुन्हा मोजणं, ही भक्ती नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्यांना, किंवा ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा महाराजांना विचारा की रीतीप्रमाणे कमीत कमी किती पुरतं. तेवढंच आणि एकदाच. आजार मुलीला असेल तर हाच त्रास पाळीच्या दिवसांत वाढताना दिसतो: कशाला हात लागला, डाग पडला का, हे पुन्हा पुन्हा तपासणं. तिथेही नियम घराचा, एकदा पाळायचा, आणि तो वाढवत न्यायचा नाही.

मावशीशी भांडू नका. गडावर जाऊन सप्तशृंगीचं दर्शन घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण "बाहेरचं" काढण्यासाठी मुलाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्या मुलाला आधीच वाटतंय की आपल्यात काही दुष्ट आहे, त्याला ते खोलवर मोडतं.

वहीचा प्रश्न. खोडून पुन्हा लिहिणं हा आळस नाही. अक्षर "बरोबर वाटेपर्यंत" त्याला थांबता येत नाही, म्हणून गृहपाठ अर्धा राहतो. वर्गशिक्षकांना एकदा भेटा आणि तीन-चार ठोस गोष्टी मागा. खोडरबर बंद, सगळं पेनने, चुकलं तर एकच रेघ. गृहपाठ पानांवर न मोजता वेळेवर मोजावा, पंचवीस मिनिटं झाली की वही बंद. "दहा वेळा लिहून आण" ही शिक्षा त्याला देऊ नये, ती सरळ आजाराचं खाद्य आहे. हात धुवायला जाण्याच्या वेळा ठरवाव्यात, वर्गासमोर न बोलता. लक्षणं फार तीव्र असतील आणि शासकीय रुग्णालयाच्या तपासणीत दिव्यांगत्व ठरलं, तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारांचा समावेश आहे. दहावीचं वर्ष आहे म्हणून ही चौकशी फेब्रुवारीत नको, आत्ताच करा.

औषधांबद्दल. सौम्य आजारात आधी नुसती ईआरपी, मध्यम ते तीव्र आजारात दोन्ही बरोबर. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांनी लक्षणं जवळपास गेलेल्यांचं प्रमाण असं निघालं: थेरपी आणि सर्ट्रालिन ही गोळी दोन्ही घेणाऱ्यांत ५४ टक्के, नुसत्या थेरपीत ३९, नुसत्या गोळीत २१, बिनऔषधाच्या गोळीत ४. म्हणजे गोळी कामाची आहे, पण एकटी कमी पडते. सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्हॉक्सामिन ही त्यासाठीची नेहमीची औषधं. क्लोमिप्रामिन हे जुनं औषध सहसा नंतर वापरतात आणि त्याआधी हृदयाचा आलेख काढतात. या वयात सर्ट्रालिन २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेनुसार २०० पर्यंत नेतात. ओसीडीला नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रा आणि जास्त काळ लागतो. पुरेशा मात्रेवर आठ ते बारा आठवडे झाल्याशिवाय "उपयोग नाही" म्हणू नये. तिसऱ्या आठवड्यात गोळी बंद करून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणं ही आपल्याकडची नेहमीची चूक.

सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, झोप कमी-जास्त होणं, हे बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून पाहायची: पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा वाढवल्यावर मूल एकदम अस्वस्थ, चिडखोर, झोपेविना राहू लागलं किंवा मरणाचं बोलू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पंचवीसच्या आतल्या रुग्णांसाठी हा इशारा या औषधांवर दिलेला असतो. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते. बरं वाटू लागल्यावर साधारण वर्षभर चालू ठेवून, परीक्षा नसलेल्या काळात, हळूहळू कमी करतात. नुसती क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी शांत करणारी गोळी लिहून दिली असेल तर नम्रपणे विचारा की ओसीडीचं मूळ औषध कोणतं. त्या गोळ्या ओसीडी बरा करत नाहीत आणि सरावातही अडथळा आणतात.

जायचं कुठे? जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. अमळनेरहून धुळं आणि जळगाव दोन्ही हाताशी आहेत. त्याआधी बोलायचं असेल तर टेलि-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. थेरपिस्ट निवडताना दोन प्रश्न पुरतात: "तुम्ही ईआरपी करता का? आणि घरच्यांना काय काम द्याल?" पहिल्याचं उत्तर "आम्ही समजावतो, रिलॅक्सेशन शिकवतो" एवढंच असेल, तर पुढे विचारत राहा. पहिल्या भेटीला तुमच्या नोंदीचं कॅलेंडर न्या. तीव्रता मोजायला डॉक्टर शून्य ते चाळीस गुणांची एक प्रश्नावली वापरतात. सोळाच्या पुढे मध्यम, चोवीसच्या पुढे तीव्र. तो आकडा विचारून लिहून ठेवा, तीन महिन्यांनी त्याच्याशीच तुलना करायची आहे. दर आठवड्याला मजुरी बुडवून जाणं जमत नसेल तर एक आड एक बैठक व्हिडिओ कॉलवर मागा. ईआरपी घरातच करायची असल्याने हे चांगलं चालतं.

काही वेळा थांबू नये. घशाच्या संसर्गानंतर एक-दोन दिवसांत अचानक, भडका उडावा तशी लक्षणं आली, सोबत अंगाला झटके, खाणं बंद किंवा अक्षर एकदम बिघडलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आवाज ऐकू येतात म्हणाला, किंवा विष लोक मुद्दाम टाकतात अशी त्याची पक्की समजूत झाली, तर ते वेगळं काही असू शकतं. खाणंपिणं सुटलं, शाळा पूर्ण बंद झाली, तर वाट पाहू नका.

आणि हे नक्की करा: त्याला मरणाबद्दल सरळ विचारा. "एवढा त्रास होतोय, जगू नये असं वाटतं का कधी?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, कोंडलेलं मूल मोकळं होतं. लांबलेल्या ओसीडीत नैराश्य बऱ्याच मुलांना गाठतं. तो फवारणीच्या औषधाला घाबरतो म्हणून ते घरात उघडं राहिलं तरी चालेल, असं मुळीच समजू नका. कीटकनाशकाचे डबे कुलपात, किल्ली वडिलांच्या कमरेला, आणि मानसोपचाराच्या गोळ्याही तुमच्या हातात, रोजची एक मोजून.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. परीक्षा, आजारपण, घरातलं लग्न, पुढच्या वर्षीची पहिली फवारणी, या वेळी लक्षणं डोकं वर काढतील. त्यासाठी तो बरा असतानाच त्याच्याच हाताने एक कागद लिहून घ्या: माझ्या पहिल्या तीन खुणा कोणत्या, तेव्हा शिडीच्या कोणत्या पायरीवरून सुरू करायचं, आईने कोणतं वाक्य म्हणायचं, डॉक्टरांचा नंबर. पेनने, खाडाखोड न करता. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि जूनमध्ये कपाशीची सरकी लावायला घेतली की एकदा दोघांनी मिळून वाचा.